बत्तिसावी ओळ

यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचायचंच असतं, तर शेवट तरी धड केला असता.

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची. ओटिली बाडर तिचं नाव. तिनं मला ती आयुष्यात तीनदा सांगितली. तिन्ही वेळा शब्द तेच, क्रम तोच. तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा ती शेवटच्या अंथरुणावर होती. मरताना माणूस खोटं बोलत नाही म्हणतात. मीही बरीच वर्षं तसंच मानत होतो...

दिवस बुधवार, १९ एप्रिल १९५०. वेळ सकाळी अकराची.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. उत्तर डकोटातलं लख्ख ऊन पडलं होतं.

आमच्या केटरिंग काउंटीत डोंगर नाही, नदी नाही. दर मैलाला एक रस्ता, पट्टीनं ओढल्यासारखा. गवत, गहू आणि वारा. धुळीच्या वर्षांत निम्मी माणसं गाव सोडून गेली. उरलेल्यांतली तरुण पोरं लढाईनं नेली. घरं तशीच उभी राहिली, दारं वाऱ्यावर आपटत.

त्या साली वरून हुकूम आला. शिरगणतीत हजारापेक्षा कमी डोकी निघाली, तर केटरिंग काउंटी शेजारच्या काउंटीत विरघळवायची. कचेरी जाणार. शाळाही जाणार.

मावशी त्या शाळेत स्वयंपाक करायची. नवरा वारलेला. शाळेच्या मुदपाकखान्यामागच्या खोलीत राहायची. शाळा गेली असती, तर तिला माझ्या आईच्या दारात बोचकं घेऊन उभं राहावं लागलं असतं. तिला ते मरणापेक्षा जड होतं.

आणि नेमकं मोजणीचं काम तिच्याकडंच आलं होतं.

मोजायची तिची स्वतःची एक रीत होती. 'घरात कोण राहतं' असं ती विचारायचीच नाही. माणसं गडी विसरतात, म्हातारी विसरतात, तान्हं पोर विसरतात. पण खाणारं तोंड कुणी विसरत नाही. म्हणून ती विचारायची, "या टेबलावर कोण कोण जेवतं?"

ज्याचा चमचा त्या टेबलावर, तो त्या घरचा. संपला हिशेब.

लोक थट्टा करायचे. "ओटिलीबाईची खानेसुमारी म्हणजे खाणाऱ्यांची सुमारी."

मंगळवारी संध्याकाळी ती कचेरीत गेली. तिथला कारकून रुडॉल्फ स्ट्रॉबेल. त्याच्या आजोबांनी ही काउंटी वसवली, त्यांची तसबीर त्याच्या डोक्यावर टांगलेली. हा खाली बसून सूर्यफुलाच्या बिया फोडायचा आणि टरफलं जमिनीवर थुंकायचा. बूट टाकला की कर्र वाजायचं. ओली टरफलं तळव्याला चिकटून यायची.

"किती भरले?"

"नऊशे एकोणसत्तर."

"एकतीस कमी." त्यानं टरफल थुंकलं. "उत्तरेचा तेरावा चौकोन राहिलाय तुझा."

"तिथं कोण राहतं? कोल्हे?"

"जाऊन तर ये. कोल्ह्यालासुद्धा नाव देता येतं, बाई. तूच काय ती मोजणार, तूच काय ती लिहिणार. तुझ्या मागं कोण बघायला येतंय?"

"म्हणजे मी खोटं लिहू?"

"मी कुठं म्हटलं तसं? मी एवढंच म्हणतो की रिकाम्या हातानं येऊ नकोस. आपल्या चुलीचा विचार कर."

मावशी म्हणायची, त्या क्षणी तिला त्याच्या ओल्या ओठांची शिसारी आली. आणि त्याचं म्हणणं आपल्याला पटतंय, याची त्याहून जास्त.

बुधवारी ती गाडी घेऊन निघाली. बर्फ नुकतं वितळलेलं. चिखल चाकाला सोडत नव्हता. एक मैल, दोन मैल... तेराव्या चौकोनाच्या कोपऱ्यावर गाडी रुतली. ती उतरून चालू लागली.

शंभर पावलांवर तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

ती थांबली. कान दिले...

वारा थांबला होता.

आमच्या मुलखात वारा थांबत नाही. लग्नात नाही, मातीला नाही. पाखरूही वाजत नव्हतं. तिच्या बुटाखाली चिखल पचपचत होता, तेवढाच काय तो आवाज.

मग तिला धूर दिसला.

समोर ढेकळांचं बसकं घर होतं. तसली घरं माझ्या पणजोबांच्या काळातली. धुराडं मात्र चालू. धूर सरळ वर उभा, दोरीसारखा.

दार आतून उघडलं. दारात एक बाई. गळ्याला चिंधी गुंडाळलेली, बाहीतून पाणी ठिबकत होतं.

"उशीर केलास गं," ती म्हणाली. "सूप निवलं."

आवाज घोगरा, घशात काही अडकल्यासारखा.

आत एकच लांबलचक टेबल. दोन्ही बाजूंना माणसं. म्हातारे, बाप्ये, बाया, लेकरं. सगळ्यांच्या गळ्याला चिंध्या. सगळ्यांचे हात मांडीवर. कुणी हलत नव्हतं, बोलत नव्हतं.

आणि वास...

कुजलेल्या बटाट्याचा, ओल्या दोरखंडाचा, आणि त्याच्या खाली काहीतरी गोड. ते गोडच सहन होत नव्हतं. एप्रिल महिना, बाहेर अजून बर्फाचे तुकडे, आणि खिडकीवर माश्यांचा थर. त्याही उडत नव्हत्या.

मावशीला पळायचं होतं. पण तिच्या डोक्यानं आपोआप मोजायला सुरुवात केली होती. एक, दोन, तीन...

एकतीस.

बरोब्बर एकतीस.

"मला आनंद झाला रे," ती सांगायची. "त्या वासात उभी राहून मला आनंद झाला. थू."

तिनं कागद काढला. टेबलावर ठेवायला गेली तर मेणकापड चिकट. कागद उचलताना चर्र झालं.

"या टेबलावर कोण कोण जेवतं?"

बाईनं स्वतःचं नाव सांगितलं. कुनिगुंडे हास. मग एकेक नाव सांगत गेली. मावशी पेन्सिलीनं लिहीत गेली. एकतिसावं नाव एका चिमुरडीचं निघालं.

"वय?"

"तीन."

"जन्मसाल?"

"अठराशे ऐंशी."

मावशीची पेन्सिल थांबली.

चिमुरडी तिच्याकडं बघत होती. तिचा गळा सुजून हनुवटीएवढा झालेला. बैलाच्या मानेसारखा. मावशीनं लहानपणी घटसर्पाची साथ पाहिली होती. तिला ते ओळखायला वेळ लागला नाही...

"आधी जेव," कुनिगुंडे म्हणाली.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगतो. कुणाच्या घरून न जेवता उठायचं नाही. यजमानाला शिवी दिली तरी चालेल, पण वाडगं परत करायचं नाही. मावशी याच वळणात वाढलेली. हात आपसूक पुढं गेला.

वाडग्यात पिठाच्या गोळ्यांचं सूप होतं. राखाडी. वर साय धरलेली. चमचा लावला तर साय फाटली नाही, ताणली गेली.

तिनं एक चमचा तोंडात घातला.

थंडगार. विहिरीच्या तळासारखं. गोळा दाताखाली आला आणि फुटला, आणि त्याच्यातून केस निघाला. लांब केस. दातांत अडकला. जिभेनं ओढावा तितका येतच राहिला...

परक्याच्या टेबलावर थुंकायचं नाही.

तिनं गिळलं.

"चमचा पुसून ठेव," कुनिगुंडे म्हणाली. "तुझाच तो."

मग ती खाली वाकली. तिच्या चिंधीतलं पाणी मावशीच्या मनगटावर पडलं.

"आता लिही. एकतीसही मेले म्हणून लिही."

"म्हणजे?"

"त्या स्ट्रॉबेलनं आम्हाला जिवंत लिहिलं आणि वर दगड टाकले. कागदावर जिवंत असलेल्याला माती कोण देतं, सांग? आम्ही आपले बसलोय. कुणीतरी लिहील म्हणून बसलोय."

मावशीनं पेन्सिल टेकवली. लिहायला मान खाली घातली...

वाऱ्याचा सपकारा तोंडावर बसला.

घर नव्हतं. टेबल नव्हतं. ती उघड्या माळावर एका बुजवलेल्या विहिरीच्या काठाला बसली होती. गोल काठ, आत दगडांची रास. मांडीवर कागद. कागदावर एकतीस नावं, तिच्याच अक्षरात.

ती गाडीपर्यंत कशी आली, तिला आठवत नाही. पण एक गोष्ट ती तिन्ही वेळा शपथेवर सांगायची. गाडीत बसून तिनं पानाच्या समासात ठळक लिहिलं, 'एकतीसही मयत. तेराव्या चौकोनातल्या विहिरीत.'

आणि तो कागद तिनं स्ट्रॉबेलच्या टेबलावर नेऊन टाकला.

तो वाचताना हसला.

"तुला कुणी सांगितलं हे? आजोबा तर फक्त घरात सांगायचे. दारू चढली की."

"खरं आहे?"

"सत्तर वर्षांपूर्वीचं खरं नि खोटं काय? दीडशे डोकी दाखवल्याशिवाय काउंटी मिळत नव्हती. आपली होती एकशे एकोणीस. तिकडं नव्या लोकांचा तळ पडलेला, घटसर्पानं साफ झाला. जमीन गोठलेली, कुदळ लागेना. विहीर होती. नावं त्यांच्या बायबलांत लिहिलेली. देवानंच पाठवली म्हणायची."

"त्यांच्यावर प्रार्थना कुणी म्हटली?"

"वेडी की काय? जिवंत माणसांवर कोण प्रार्थना म्हणतं?" त्यानं बी फोडली. "त्यांनी एकदा काउंटी उभी केली. आता एकदा वाचवतील. तो समास तेवढा खोडून टाक."

मावशी तिथंच, त्याच्या टरफलांवर, ओकली.

सकाळपासून तिच्या पोटात फक्त काळी कॉफी होती. पण जमिनीवर पडलं ते राखाडी होतं. आणि त्यात केस होता. हातभर लांब, पिवळा. मावशीचे केस काळे होते.

स्ट्रॉबेल पाय वर घेऊन बसला. त्याचं हसू तेवढं गेलं.

"मी खोडणार नाही," मावशी म्हणाली. "शाळा गेली तर जाऊ दे."

आणि निघून आली. तिचं सांगणं इथं संपायचं.

उन्हाळ्यात आकडा जाहीर झाला.

केटरिंग काउंटी. लोकसंख्या एक हजार एक.

काउंटी वाचली. बँड वाजला, सॉसेज भाजली. पुढं काउंटीच्या इतिहासाचं पुस्तक छापलं, त्यात पहिल्याच पानावर 'आमचे शूर दीडशे'. मावशीनं ते पुस्तक चुलीत घातलं. स्ट्रॉबेलनं पान बदललं, असं ती आयुष्यभर म्हणत राहिली. त्याच्या दारावरून जाताना थुंकायची. एकदा तो चिडून म्हणाला, "मी बदललं असतं तर हजारावर थांबलो असतो की. तो वरचा एक कुठून आला, मला काय ठाऊक?"

शाळा राहिली. मावशी तिथं आणखी वीस वर्षं शिजवत राहिली. सूप रोज करायची. चाखायची कधीच नाही. चव बघायला मला बोलवायची.

मला अक्षरं तिनंच शिकवली, त्याच मुदपाकखान्यात. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तिचा सात वेगळा असायचा, पोटातून एक आडवी रेघ मारलेला. माझाही तसाच आहे.

एकाहत्तर साली ती गेली. मी स्वतः माती टाकली.

शिरगणतीची पानं बहात्तर वर्षं कुलपात असतात. दोन हजार बावीसच्या एप्रिलमध्ये ती उघडली. माझ्या नातीनं संगणकावर तेराव्या चौकोनाचं पान काढून दिलं.

"आजोबा, हे बघा. कुनिगुंडे हास."

एकतीस नावं. एकतीसही जिवंत. चिमुरडीचं वय तीन.

समास कोरा होता. खोडल्याची खूण नाही, खरवडल्याची नाही.

आणि प्रत्येक सात पोटातून कापलेला...

अक्षर मावशीचं होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत. पान कुणी बदललं नव्हतं.

मला तिची किळस आली. खरं तेच सांगतो. तेवढ्या एका चुलीसाठी हिनं पुन्हा सगळं लिहून काढलं, मेलेल्यांना पुन्हा बसवून ठेवलं, आणि मरेपर्यंत माझ्या तोंडावर खोटं बोलली. मी खुर्चीवरून उठलो. ज्या हातानं मला अक्षरं दिली, त्या हाताची शिसारी यावी, यासारखं घाणेरडं काही नाही.

"थांबा," नात म्हणाली. "खाली अजून एक ओळ आहे."

बत्तिसावी ओळ.

ओटिली बाडर. वय शेहेचाळीस.

कुटुंबाशी नातं या रकान्यात एकच शब्द होता. 'जेवते.'

शाळेच्या पानावर ती होतीच, तिथं तिनं स्वतःला आधीच मोजलं होतं. मग हे कुणी लिहिलं? तिनं लिहिलं असेल, तर का? तिनं नसेल, तर तिचं अक्षर कुणाच्या हाताला आलं? मी रात्रंदिवस यावर डोकं आपटलंय. हाती काही लागत नाही.

मी वरती अर्ज केला. मृत्यूचा दाखला जोडला. बाई मेली आहे, या पानावर तसं लिहा, वरच्या एकतीस जणांचंही लिहा. उत्तर आलं. फार नम्र होतं. जुन्या पानांत बदल करता येत नाही.

ती कबरीत आहे, हे मला माहीत आहे. पण त्या पानावर तिला मेलेलं कुणी लिहिलेलं नाही...

एका बुधवारी अकराच्या सुमाराला मी एकटाच जेवायला बसलो होतो. खिडकीचा पडदा हलायचा थांबला. बाहेर वारा पडला होता.

मागं कुणीतरी चमचा पुसून ठेवला.

मी वळून पाहिलं नाही. ताट सारलं आणि उठलो.

आता दर बुधवारी नात फोन करून विचारते, "आजोबा, आज जेवायला कितीजण?"

मी आकडा सांगत नाही.