तौवूला सगळं माफ

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझं जेवण जेवत होता.

फिजीत, सुवाच्या बंदरावरच्या बोट कंपनीत माझा तो पहिलाच दिवस. बाहेर आमचा नेहमीचा रिपरिप पाऊस. ओली छत्री झटकायला मी व्हरांड्यात गेले काय, परत येते तर माझ्या टेबलाशी एक आडदांड मुलगा आरामात बसलेला. आईनं नारळाच्या दुधात शिजवून दिलेलं अळू तो बोटांनी निपटून खात होता.

"ए! माझं आहे ते!"

"माहितीये," तो मान वर न करता म्हणाला. "मीठ कमी पडलंय."

मी छत्री उगारली. तेव्हा कुठे त्यानं वर पाहिलं... आणि असा हसला की क्षणभर कशासाठी चिडले होते तेच मी विसरले.

"वॉचमनला विचारलं मी तुझं गाव. लोमाइविती बेटांवरची ना? तुमचं गाव आणि आमचं गाव तौवू. आता मार बघू!"

छत्री खाली आणावी लागली. दोन गावांचा मूळपुरुष एक असला की ती तौवू. मग एकमेकांचं काहीही न विचारता उचलावं, तोंडाला येईल ते बोलावं, आणि समोरच्यानं रागवायचं मात्र नाही. रागावला तो हरला.

"मीठ कमी नाहीये," मी म्हटलं. "तुमच्या बेटावर जिभा लाकडाच्या असतात."

"आत्ता कशी बोललीस!" तो खूश होऊन म्हणाला, आणि उरलेलं अळूही संपवलं.

त्याचं नाव केलेपी. कंपनीचे संगणक त्याच्या ताब्यात होते आणि मला सगळे आकडे त्याच्याकडूनच घ्यायचे होते. माझ्या संशोधनाचा विषय ऐकायला रुक्ष होता: कंपन्या आपलं धोरण साठवलेल्या माहितीवरून खरंच ठरवतात, की आधी ठरवतात आणि मग सोयीचे आकडे शोधतात? कंपनीनं मला माहिती द्यायची, आणि त्या बदल्यात मी सांगायचं, कुठल्या बेटांच्या बोटी चालू ठेवाव्यात आणि कुठल्या बंद कराव्यात.

विषय रुक्ष, पण दिवस काही रुक्ष गेले नाहीत. तो माझी पेनं उचलायचा, मी त्याच्या खुर्चीवरची उशी. एकदा तर मी त्याचं जाकीट घालून सरळ घरी गेले. भिजलेल्या जाकिटाला डिझेलचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता. ते वाळल्यावरही मी लगेच परत केलं नाही... का, ते आईनं विचारलं आणि मी विषय बदलला.

"तौवू," एकदा पडद्यावरून नजर न काढता तो म्हणाला, "देवमाशाचा दात घेऊन येऊ का तुझ्या बापाकडे?"

मागणी घालायला मुलाकडचे देवमाशाचा दात घेऊन येतात. माझे कान तापले.

"त्या माशाला कशाला त्रास? तुझेच पडायला आलेत, त्यातला एक आण."

तो खदखदून हसला. मीही हसले. आणि हसता हसता वाटलं, हा तौवू नसता तर किती बरं झालं असतं! निदान खरं बोलतोय की थट्टा, ते तरी कळलं असतं.

मग एका सकाळी, सगळ्या बोटींची माहिती शेजारी शेजारी मांडली तेव्हा मला दिसलं, लाऊ बेटांपैकी त्याच्या बेटाची बोट जवळजवळ रिकामी जात होती. मालाच्या रकान्यात नावालाच काहीतरी. बंद करायची झाली तर पहिली तीच.

"केलेपी, हे बरोबर आहे?"

त्यानं पडद्यावर तो रकाना वर-खाली सरकवून पाहिला.

"आमच्या बेटावर लोक हवा खाऊन जगतात," तो म्हणाला. पण या वेळी तो हसला नाही.

त्याची आई त्या बेटावर एकटी होती, पायांनी अधू. तिची औषधं, पीठ, रॉकेल, सगळं त्या एका बोटीनं जायचं. हे मला ठाऊक होतं. म्हणून त्या आठवड्यात मी स्वतः धक्क्यावर गेले, आणि बघतच राहिले. पिठाची पोती, पत्रे, गाद्या, एक शिवणयंत्र, पाय बांधलेली डुकरं... बोटीत पाय ठेवायला जागा नव्हती. माल चढवून घ्यायला उभे होते पौलियासी मामा, केलेपीचे सख्खे मामा. ज्यानं त्यानं यावं, हात जोडून मागावं, आणि मामांनी मान डोलवावी. आपल्या माणसानं मागितलं की नाही म्हणायचं कसं? कुणाचं भाडं घेतलं नव्हतं, म्हणून कुठे नोंदही नव्हती.

"रिकामी कुठेय ती!" मी केलेपीला गाठलं. "मी लिहिते हे."

"लिही," तो हळूच म्हणाला. "मामाची नोकरी जाईल. बाबा गेल्यावर त्यानं वाढवलंय मला."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर बोट जाईल."

 

कंपनीच्या बैठकीत मी मामांचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, "या बोटीची माहिती अपुरी आहे. जातं ते सगळं लिहिलं जात नाही. यावरून निर्णय घेऊ नका."

कंपनीच्या मालकीणबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे माल जातो आणि भाडं येत नाही?"

मी समोरचे कागद सारखे करू लागले.

"मग तर प्रश्नच मिटला. ही बोट बंद. छान काम केलंस हं, मुली!"

माझ्या प्रबंधातल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं: आधी ठरवतात, मग आकडे शोधतात. मार्गदर्शकांनी तो भाग फार वाखाणला. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले.

केलेपीला मी जिन्यात सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि हसला. तेच हसू, पण ओठांपुरतं.

"अळू मी खाल्लं, बोट तू घेतलीस. फिटंफाट."

"चीड ना माझ्यावर! ओरड!"

"तौवूला सगळं माफ असतं," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. ती माफी मला नको होती. ती त्यानं दिलेली नव्हती, आमच्या गावांनी दिलेली होती.

शेवटच्या बोटीनं तो बेटावर परत निघाला. "आईला इकडे आण ना," मी विनवलं होतं. पण बाबांना जिथं पुरलं ती जागा सोडून ती येणार नव्हती, आणि तिला सोडून तो राहणार नव्हता. यापुढे तिकडे सरकारी बोट जाईल तेव्हा जाईल.

मी धक्क्यावर पोचले तेव्हा तो बोटीवर चढायच्या फळीजवळ उभा होता. रिपरिप चालूच होती. मी त्याचं जाकीट पुढे केलं.

"राहू दे," तो म्हणाला. मग जाकीट माझ्याकडे परत सारून, "देवमाशाचा दात... आहे आमच्या घरी. आजोबांचा. ती थट्टा नव्हती गं."

"मग आण ना!" मी म्हटलं. "मी थांबते."

"आणायला बोट कुठाय?"

मला त्याच्या गळ्यात पडायचं होतं. मी नुसता डबा पुढे धरला. आज आईनं नाही, मी केलं होतं अळू. झटकन उचलेल, काहीतरी खोडी काढेल, असं वाटलं. त्याचा हात पुढे आला, आणि डब्याजवळ येऊन थांबला.

"उनाइसी," तो म्हणाला. इतक्या महिन्यांत त्यानं माझं नाव एकदाही घेतलं नव्हतं. "घेऊ का?"

तौवू कधी विचारत नाही.

"घे," मी म्हटलं. "मीठ... मीठ बहुतेक जास्त झालंय आज."

त्यानं तिथंच झाकण उघडलं, एक घास खाल्ला. 

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."

मामांनी हाक मारली. तो डबा छातीशी धरून फळीवरून वर गेला, पोत्यांच्या आणि माणसांच्या गर्दीत कुठे उभा राहिला तेही मला दिसलं नाही. बोट सुटली तेव्हा ती काठोकाठ भरलेली होती.