शशीची निळी चिंधी

हसा, हसा. अक्षया, आधी तो टीव्ही बंद कर. ग्लासगोच्या आमच्या मंडळातला ज्ञानेश्वर, माझ्या चांगल्या ओळखीचा, त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतोय. खोटं वाटलं तर खुशाल उठून जा.

२००६, नोव्हेंबरचा पहिला शनिवार. शशी त्याचा फ्लॅटमेट. दोघं साताऱ्याचे, एका ताटात जेवलेले. उन्हाळ्यात शशीचा आवाज बसला तो बसलाच. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा त्यानं लॉक लोमंड तळ्यापलीकडच्या एका झऱ्यात चिंधी भिजवून तिथल्या झाडाला बांधली. झरा कॅल्याखचा. कॅल्याख म्हणजे तिकडची जुनी देवी, जख्खड म्हातारी. तिच्या पाठीवरच्या टोपलीतून दगड सांडले, त्यांचेच ते डोंगर झाले म्हणतात. आता शशीला थोडं कुजबुजता येत होतं.

"नवस फेडायचाय रे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मला शिफ्ट आहे. तू जाऊन गाठ सोडशील? माझ्या निळ्या सदऱ्याची चिंधी आहे."

आपल्याकडे तसंच करतात की! नवस पावला, गाठ सोडली. ज्ञानेश्वरनं गाडी काढली. त्याला लवकर परतायचं होतं. साताऱ्यात आई त्याच्या फोनसाठी जागी राहायची. तिला दिसत नव्हतं. मुलगा म्हणजे तिला त्याचा आवाज, बस्स.

सहालाच मिट्ट काळोख. टॉर्चच्या उजेडात झाडभर चिंध्या... कुजलेल्या, काळ्या. निळी एकच. गाठ ओली, घट्ट. त्यानं दातांनी ओढली.

सुटली.

मागे कुणीतरी खाकरलं. म्हाताऱ्या बाईसारखं.

तो वळला... कुणी नाही. "कोण आहे?" म्हणायला तोंड उघडलं...

नुसती हवा.

तो पळत सुटला. रस्त्यावर रेंज आली तसा शशीला फोन लावला.

"ज्ञाना?" शशीचा आवाज खणखणीत. "सोडलीस ना?"

...

"बोलता येत नाहीये ना? माफ कर यार. चिंधी आपोआप कुजू द्यायची असते. मध्येच जो सोडेल, दुखणं त्याला लागतं. लँडलेडीनं सांगितलं होतं मला. पण वर्षभर थांबवेना रे."

एका ताटात जेवलेला माणूस! ज्ञानेश्वरला साधी शिवी देता येईना. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडला, तेही बिनआवाज. आईला आता कळवायचं कसं?

सकाळी फोन वाजला. साताऱ्याहून बहीण, अरुणा. त्यानं तो कानाला लावला...

"दादा, रात्री तासभर काय बोललास रे आईशी? पहाटेपासून नवं लुगडं नेसून दारात बसलीये. म्हणते, ज्ञाना न्यायला येतोय, पोचलाच आहे. ... अरे, आहेस कुठे तू?"

...

"दादा? बोल ना... ती उठून चाललीये."