आठवं पुडकं

धक्क्यावरून गावात यायला पायऱ्यांची एकच वाट होती, आणि पायऱ्या संपायच्या तिथेच ते दुकान होतं. आजोबांनी काढलं तेव्हा तिथे दोर, गळ आणि कंदिलाच्या काचा एवढंच मिळायचं. बाबांच्या हाती आलं आणि साबण, बिस्किटं, गमबूट, सुईदोरा, बॅटऱ्या, जे मागाल ते मिळायला लागलं. बाबांना जाऊन आता तीन वर्षं झाली होती. दुकान ताई आणि तिचा धाकटा भाऊ चालवत होते, म्हणजे ताई चालवत होती. धाकटा काउंटरवर बसून खिडकीतून बोटी बघत असायचा.

दुकानाची एक जुनी रीत होती. बोटीवर जाणारा माणूस जाताना सामानाची चिठ्ठी टाकून जायचा. तो परत येईपर्यंत बाबा त्याचं सामान वर्तमानपत्रात बांधून तयार ठेवायचे. पुडक्याला सुतळी, आणि सुतळीला बाबांची ती गाठ, टोक आत दडवलेली. ती कशी मारायची ते शेवटपर्यंत कुणाला जमलं नाही. ताई तर सरळ चिकटपट्टी लावायची.

जी माणसं परत आली नाहीत, त्यांची पुडकी बाबांनी कधी सोडली नाहीत. सगळ्यात वरच्या फळीवर ती ओळीने ठेवलेली होती. सात. ताई दर आठवड्याला स्टुलावर चढून त्यांच्यावरची धूळ झटकायची आणि खाली उतरायची. त्यांच्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही.

त्या दिवशी पहाटे धाकटा पहिल्यांदाच बोटीवर जाणार होता. लहानपणापासूनचा हट्ट. बाबा होते तोवर त्यांनी विषयच काढू दिला नव्हता. आता तो छत्तीस वर्षांचा होता, आणि ताईनेही अडवायचं नाही असं ठरवलं होतं. ‘मोठी बहीण आहे मी, जेलर नाही,’ असं ती स्वतःला बजावत होती.

ती दुकानात आली ती त्याला गमबूट काढून द्यायला. दिवा लावला. बूट वरून दुसऱ्या फळीवर होते. ती स्टुलावर चढली, आणि सवयीने नजर वर गेली.

आठ होती.

सात पुडकी धुळकट, कागद पिवळा पडलेला. शेवटचं मात्र पांढरं स्वच्छ. तिने ते हातात घेतलं. कागद कालच्या वर्तमानपत्राचा होता. त्यावरचं शब्दकोडं अर्धं सोडवलेलं, धाकट्याच्या तिरक्या अक्षरात. काल संध्याकाळी तो ते सोडवत बसला होता, तिच्यासमोर. आणि सुतळीला ती गाठ होती.

पुडक्याला तपकिरीचा वास येत होता. बाबांच्या बोटांना यायचा तोच, जरासा घासलेट मिसळलेला. गाठ सुटेना तेव्हा तिने सुतळी कात्रीने कापली. आत घशाच्या गोळ्या होत्या, चौकटीची वही होती, आणि दुखऱ्या गुडघ्याला बांधायची पट्टी. डाव्या गुडघ्याला ती पट्टी गावात एकच माणूस बांधायचा, धाकटा.

“ताई, सापडले का बूट?” धाकटा दारात उभा होता. अंगात नवा रेनकोट, चेहरा शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा.

तिने पुडकं त्याच्यापुढे धरलं.

“हे काय? मी कुठे चिठ्ठी दिली? दुकान आपलंच तर आहे.”

“वरच्या फळीवर होतं...”

तो हसला. “तूच बांधलंस. मला घाबरवायला. सरळ जाऊ नको म्हणायचं ना!”

“मला येते ही गाठ?”

त्याने सुतळी उचलली. बोटांनी गाठ चाचपली, मग नाकाशी नेली. त्याचं हसू हळूहळू उतरलं. खाली बोटीचा भोंगा वाजला. दोघंही हलली नाहीत. भोंगा पुन्हा वाजला, जरा चिडल्यासारखा. मग तिसऱ्यांदा. मग इंजिनाचा आवाज लांब लांब जात विरून गेला, आणि धाकटा रेनकोटासकट तांदळाच्या पोत्यावर बसला.

“काय तोंड दाखवू आता त्यांना?” एवढंच तो म्हणाला.

ताईने शटर निम्मं खाली ओढलं.

अकराच्या सुमारास धुकं आलं. आधी धक्का दिसेनासा झाला, मग पायऱ्या, मग समोरच्या शिंप्याचं दार. बाराला वारा सुटला. पत्रे वाजायला लागले. गिऱ्हाईक कुणी नव्हतंच. दोघं काउंटरच्या दोन बाजूंना बसून होती. ताईच्या मनात मघापासून जे घोळत होतं ते शेवटी तिच्या तोंडून निघालं.

“आपण बाकीच्यांना का नाही सांगितलं?”

“काय सांगणार होतो, ताई?”

“काहीही. धावत जायचं, हातापाया पडायचं... चार माणसं आहेत रे त्या बोटीवर. आपलं एक घरात ठेवलं आणि चार जाऊ दिली.”

तिने चहा केला, तो तसाच गार झाला. दिवसभरात धाकटा एकदाही दुकानाबाहेर गेला नाही. ताईने त्याला क्षणभर नजरेआड होऊ दिलं नाही. दोनदा तर त्याच्या मनगटाला हात लावून पाहिला, लहानपणी ताप बघायची तसा. हात गरम होता.

दिवेलागणीला धुक्यातून इंजिनाचा आवाज आला. ताई शटरखालून वाकून बाहेर धावली आणि पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहिली. खालून माणसांचे आवाज येत होते. एक, दोन... तिने कान देऊन मोजले. चारही होते. तिचा जीव भांड्यात पडला. इतका, की तिथेच पायरीवर बसून ती रडायला लागली.

सगळ्यात पुढे बोटीचा कप्तान वर आला. म्हातारा, दाढीतून पाणी गळत होतं. तिला रडताना पाहून तो थांबला.

“रडतेस काय, पोरी? आलो की सगळे. फार वाईट झालं होतं आज, खोटं कशाला बोलू. मी तर गेलोच होतो पाण्यात. तुझ्या भावाने कॉलरला धरून आत ओढलं, म्हणून उभा आहे.”

ताईने डोळे पुसले. “कुणी...?”

“तुझ्या भावाने. दिवसभर अक्षर बोलला नाही. टोपी खाली ओढून एका कोपऱ्यात काम करत होता. मला वाटलं, पहिलीच खेप आहे, घाबरलाय. पण दोर काय बांधत होता! हात मात्र बर्फासारखे गार...”

ताईच्या पाठीमागे शटर करकरलं. धाकटा बाहेर येऊन उभा राहिला होता. पांढऱ्याफटक चेहऱ्याने तो कप्तानाकडे बघत होता.

कप्तानाने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“अरे, इतक्यात कपडेही बदललेस? आत्ता तर माझ्यापुढे उतरलास.” मग तो खूश होऊन हसला आणि त्याने धाकट्याच्या खांद्यावर थाप मारली. “बरं झालं बाबा, जाता जाता निदान ‘उद्याही येतो’ एवढं तरी बोललास. ठरलं मग. उद्या पहाटे तुझी जागा राखून ठेवतो.”