सरकवलेली हद्द

पुरातत्त्व खात्यात नकाशे काढणारी ती बाई हाताची इतकी चोख, की साहेब तिच्या रेषेवर डोळे झाकून सही करत. त्याच विश्वासाचा तिने फायदा घेतला. गावाबाहेरच्या टेकाडात हजारो वर्षांपूर्वीची वस्ती होती, वस्तीतल्या माणसांची दफनं होती. त्या टेकाडाची संरक्षित हद्द तिने नव्या नकाशात नऊ मीटर आत घेतली. तेवढ्याने थोरल्या बहिणीचा अडकलेला प्लॉट सुटला, घर उभं राहिलं.

ताईने तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. "आमचं नशीबच फुटकं," एवढंच म्हणाली होती.

पण साहेबांनी कौतुक केलं की बाईचे कान तापायचे. घर बांधून सहा महिने झाले तरी तिची तिकडे फिरकायची हिंमत होईना. शेवटी मनाला लागलेली टोचणी असह्य झाली, तेव्हा एका रविवारी दुपारी ती सगळं कबूल करायला निघाली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पंखा कुरकुरत होता. कॉटवरच्या चादरींना सुरकुतीही नव्हती. भावोजी, ताईच्या सासूबाई आणि छोटी भाची जमिनीवर ओळीने झोपले होते. तिघंही डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, तळवे गालाखाली, डोकी उत्तरेला.

टेकाडातले अकरा सांगाडे तिने हाडन्‌हाड मोजून कागदावर उतरवले होते. ते असेच होते.

ओले हात झटकत ताई स्वयंपाकघरातून आली.

"हे खाली का झोपलेत?"

"गार वाटतं गं. वर कुणाचा डोळाच लागत नाही."

"आणि असे?"

"कसे?" ताईने तिघांकडे नीट निरखून पाहिलं. तिला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

आता गप्प राहणं शक्यच नव्हतं. "ताई, ही जागा टेकाडाची आहे. रेषा मी सरकवली. उद्या साहेबांना सांगणार आहे. घर जाईल तुमचं... मला माफ कर."

ताई आकांत करेल, नाही नाही ते बोलेल, असं तिला वाटलं होतं. तिला तेच हवं होतं. ताईने शांतपणे पदराला हात पुसले.

"माहीत आहे आम्हाला."

"कुणी सांगितलं?"

ताईने फरशीकडे पाहिलं.

"तुझ्यावर राग नाही हं त्यांचा. उलट, माणसं आणून दिलीस म्हणतात."

शरमेने तिची मान खाली गेली. त्या आभारांपेक्षा थोबाडीत बसली असती तर बरं झालं असतं.

"दमली असशील. टेक जरा."

ताईने भाचीच्या शेजारी बोट दाखवलं. तिथे चौथी चादर अंथरलेली होती. तिच्यावर खांद्याचा, कमरेचा, पोटाशी घेतलेल्या गुडघ्यांचा खळगा होता.

तिने हात लावून पाहिला. कोमट होता.

"इथे कोण झोपलं होतं, ताई?"

ताई हसली.

"असं काय करतेस? तूच की. रोज तर असतेस."