चौथा रकाना

मला एक सरळ बांबू हवा होता, बस. सहा फुटांचा, गाठी कमी असलेला. दुपारी आमच्या वळ गावाहून रिक्षाने भिवंडीत गेले आणि बाजाराच्या टोकाला बांबूवाले चाचा बसतात त्यांच्याकडे मागितला.

"एक ही?" चाचा हसले. "दो लेतीं तो पूछता, घर में कौन गुज़र गया."

तिरडीला दोन लागतात, हे माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला. मग हातातली पर्स पडली. मी अशी आहेच. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते.

"कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पाहिजे," मी म्हटलं. "कंप्यूटर का प्रोजेक्ट है."

"कंप्यूटर में बांबू?" त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, पण बांबू रिक्षात नीट तिरका बसवून दिला.

हे २००८ मधलं. आता दिवे गेलेतच, येईपर्यंत सगळं सांगते.

माझे बाबा, बाळाराम, खाडीच्या बांधावरची उघाडी सांभाळायचे. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला ते लावायचं, ओहोटीला काढायचं, नाहीतर खारं पाणी भातात शिरतं. रोज दिवसाच्या भरतीला बाबा दाराशेजारच्या एकाच दगडावर उभे राहायचे आणि पाणी अंगावर कुठवर चढतं ते बघायचे. घोटा, गुडघा, मांडी, कंबर, छाती, गळा. त्यासाठी एक लांबट वही होती, तिच्यात चार रकाने. तिथी, वारा, पाऊस हे तीन निघायच्या आधी भरायचे. चौथा परत आल्यावर.

पण वहीच्या आधी आईला कळायचं. अंगणात पाय ठेवतानाच ते ओरडायचे, "राही, आज कंबर!" कंबर म्हटलं की चुलीवर आंघोळीच्या पाण्याचं मोठं भगुलं चढायचं. घोटा म्हटलं तर पाय धुवायला दारात नुसता तांब्या.

२००१च्या पावसाळ्यात एका दुपारी ते गेले आणि आले नाहीत. पाण्यात उतरण्यापूर्वी ते टोपी उघाडीच्या खुंटीला अडकवायचे. ती टोपी तेवढी मिळाली. मी चौदा वर्षांची होते. वहीतल्या शेवटच्या ओळीत तीन रकाने भरलेले आहेत... पौर्णिमा, पश्चिमेचा वारा, जोराचा पाऊस. चौथा रिकामा आहे.

त्या रिकाम्या जागेत कोणता शब्द आला असता, एवढंच मला सात वर्षं ऐकायचं होतं. रडून झालं होतं, नवस करून झाले होते. तो एक शब्द अंगणातून आला असता तर मी बाकी काही मागितलं नसतं.

म्हणून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी वही निवडली. मितेश सर आमचे गाईड. ते खूश झाले. अकरा वर्षांच्या रोजच्या नोंदी कुणाकडे असतात?

"तिथी, वारा, पाऊस हे तुझे इनपुट," त्यांनी फळ्यावर गोल काढले. "पाणी कुठवर आलं ते आउटपुट. मधलं नातं आपण सांगायचं नाही. नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम, अंदाज करतं, चुकतं, किती चुकलं ते बघून आतली वजनं, म्हणजे आकडेच, थोडी हलवतं आणि परत अंदाज करतं. असं हजारो वेळा."

"म्हणजे शेवटी त्याला भरती कळते, सर?"

"छे! त्याला खाडी माहीत नाही, भरती माहीत नाही. तू देशील तेवढंच त्याचं जग. जे तू दिलं नाहीस, ते त्याच्यासाठी नाहीच."

तोंडी परीक्षेत विचारतील म्हणून हे वाक्य मी लिहून घेतलं होतं.

घोट्याला एक, गुडघ्याला दोन, असं करत गळ्याला सहा. चार हजार ओळी मी टाइप केल्या. नेटवर्क शिकलं. आता ते खरं सांगतं का हे बघायला रोजची भरती मोजायला हवी होती, आणि मोजायला बाबा नव्हते. त्यासाठी तो बांबू.

आईने तो ओटीवर उभा धरला. आधी लाजली, मग हात लावून लावून दाखवू लागली. "गुडगा हितं. मांडी... हितं. लेंग्याची नाडी हितं यायची." जुन्या सदऱ्याच्या चिंध्या फाडून मी तिथे तिथे बांधत गेले. छातीपाशी ती थांबली. पुढे झाली आणि तिने कपाळ बांबूला टेकलं.

"छाती हितं. माजं कपाल हितं लागायचं."

बराच वेळ ती तशीच उभी होती. मी चिंधी हातात धरून वाट बघत राहिले. गळ्याला सहावी बांधली. त्याच्यावरचा हातभर बांबू कोरा राहिला. तिथे बांधायचं तरी काय? बाबांच्या वहीत पाणी गळ्याच्या वर कधी गेलंच नव्हतं.

आठ दिवस मी दगडावर बांबू उभा करून मोजलं. नेटवर्क म्हणे मांडी, तर पाणी मांडीच्या चिंधीला. सर म्हणाले, आता ट्रेनिंग बंद कर, वजनं गोठव, रिपोर्ट लिही.

ते मी गुरुवारी केलं, आणि त्याच दिवशी केसरीनाथ काका आले. बाबांचे धाकटे भाऊ. आजूबाजूच्या सगळ्या शेतांवर गोदामं झाली होती. मधे आमचा तुकडा अडकला होता, कारण तो बाबांच्या नावावर. बाबा वारले असं कोर्टाकडून ठरायला हवं, आणि त्यासाठी घरच्यांनी लिहून द्यायचं. काकांनी कागद माझ्यापुढे ठेवला. 'गेल्या सात वर्षांत त्यांची आम्हांस कोणतीही खबर नाही.'

आई म्हणाली, "मृनाली करंल सही तर मी करीन. न्हायतर न्हाय."

"पोरी," काका माझ्याकडे वळले, "अकरा दिस चिखलात शोदलाय मी त्याला. माज्या हातांनी. आता मोकला कर त्याला. पुढच्या गुरुवारी येतो, तवर इचार कर. ऐतवारी दर्भाचा पुतला करून अग्नी देऊ." निघताना त्यांची नजर कोपऱ्यात गेली. "बांबू एक तं हायच घरात. दुसरा मी आनतो."

दुसऱ्या दिवशी चार वाजता रोजचं भारनियमन संपून वीज आली, पलीकडच्या शेडमधले कापडाचे लूम पुन्हा खडखडायला लागले, आणि मी ती शेवटची ओळ नेटवर्कला दिली. पौर्णिमा, पश्चिमेचा वारा, जोराचा पाऊस.

५.९८.

"आई," मी हाक मारली, "त्या दिवशी गळा होता गं."

थोड्या वेळाने पाहिलं तर चुलीवर मोठं भगुलं होतं.

शनिवारी मी तीच ओळ परत दिली. कारण काही नव्हतं. एखाद्याचं जुनं पत्र आपण पुन्हा काढतो ना, तसं. उत्तर आलं ५.०१. छाती.

रविवारी कंबर.

मी सरांना फोन केला. "वजनं गोठवलीस ना? मग तेच इनपुट, तेच आउटपुट. दुसरं काही येऊच शकत नाही. फाईल बघ." फाईल बघितली. तिची तारीख गुरुवारचीच होती, तिला कुणी हातही लावला नव्हता.

"सर, पाणी उतरतंय..."

"मृणाली, त्या दिवसाचं पाणी त्या दिवशीच उतरलं." मग जरा हळू आवाजात, "झोप घे थोडी."

सोमवारी मांडी. तेव्हा माझ्या मनात आलं, पाणी कशाला उतरेल? पाणी आहे तिथेच आहे. कुणीतरी चढतंय.

भीती वाटली असं म्हणायला हवं. पण मी खरं सांगते, मला आनंद झाला. मी, जी पालीला घाबरते, रोज चार वाजायची वाट बघू लागले. आईला शब्द सांगायचा, आणि तिने त्या मापाचं भांडं चढवायचं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो, हसू येईल म्हणून. मंगळवारी गुडघा. बुधवारी घोटा. त्या संध्याकाळी घरात खाडीच्या चिखलाचा वास आला. आईने उदबत्ती लावली नाही.

गुरुवारी बाराला वीज गेली. काका तीनला यायचे होते, चारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. यूपीएसवर दहा मिनिटं कॉम्प्युटर चालायचा, तेवढ्यात मी बसले. लूम बंद पडले की आमच्याकडे जी शांतता होते ती बाहेरच्यांना कळायची नाही... कान दुखतात. त्या शांततेत यूपीएसची टीक, टीक.

०.००.

घोट्याच्याही खाली. पाण्याबाहेर.

"आई... आज काहीच नाही."

आई उठली. दारात पाण्याचा तांब्या ठेवला. ओटीवरच्या दोरीवर बाबांचा धुतलेला सदरा टाकला. खिळ्यावरून टोपी काढली, पदराने पुसली, सदऱ्याशेजारी ठेवली, आणि आत येऊन माझ्याजवळ बसली. कॉम्प्युटर बंद पडला. टीक थांबली.

बाहेर पाणी ओतल्याचा आवाज आला. थोडं थोडं. पाय धुताना ओततात तसं, आधी एका पायावर, मग दुसऱ्या.

आईने माझा हात घट्ट धरला. मी कान लावून बसले होते. आता हाक येणार. 'राही, आज...' काहीही चालेल. सात वर्षं ह्याच एका हाकेसाठी...

हाक आली नाही.

दोरी करकरली. कापड सरकल्यासारखं झालं. माणूस अगदी भिंतीपलीकडे उभा असावा इतकं जवळ, आणि श्वास मात्र नाही.

का बोलत नाहीत?... आणि मग मला सरांचं वाक्य आठवलं. तू देशील तेवढंच त्याचं जग. मी घोटा दिला होता. गुडघा, मांडी, कंबर, छाती दिली होती. गळा दिला होता. तोंड मी दिलंच नव्हतं.

मी उठले नाही. काकांच्या मोटारसायकलचा आवाज येईपर्यंत हललेसुद्धा नाही.

"अगो, दारात चिखल कुनी केला?" काका ओटीवरून ओरडले. "नी हा सदरा वल्ला कसा?"

आम्ही बाहेर आलो. तांब्या रिकामा होता. दोरीवरचा सदरा कॉलरपर्यंत ओला, खाडीचा वास मारत होता, आणि त्याची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. आईने टोपी उचलली. कोरडी ठणठणीत.

काकांनी पेन पुढे केलं. मी कागद वाचला. कोणतीही खबर नाही.

"काका, खबर आहे," मी म्हटलं. काकांनी एकदा सदऱ्याकडे पाहिलं, कागद तिथेच सोडला आणि मोटारसायकल चालू न करताच ढकलत नेली.

आई टोपी हातात घेऊन उभी होती. "टोपी न्हाय घातली त्यांनी," ती म्हणाली. "आवडती टोपी... मृनाली, इचार ना तुज्या मशीनला. का न्हाय घातली?"

तो कागद अजून फळीवर आहे, सहीवाचून. त्याच्यावर बाबांचा फोटो ठेवलाय, आमच्याकडे एकच आहे तो. मितेश सर म्हणतात, एका फोटोवरून काही शिकवता येत नाही. मी तरी कपाळाची रुंदी, भुवयांमधलं अंतर पट्टीने मोजून लिहून काढते. दारातला तांब्या रोज दुपारी रिकामा होतो.

आणि बांबू कोपऱ्यातच आहे. काल सकाळी झाडताना पाहिलं, तर सहा चिंध्यांच्या वर, त्या कोऱ्या भागावर, एक सातवी बांधलेली होती. ओली. आईने बांधलेली नाही, मी नाही. गाठ उघाडीच्या दोराला मारतात ती होती, आणि ती गाठ आम्हां दोघींनाही येत नाही.