तिसरी हाक

हे घडलेलं आहे. बेलापुरात, मे १९९९ मध्ये, भर दुपारी. भीमराजनं जेवढं पाहिलं आणि ऐकलं, तेवढंच इथे आहे. ज्याचा उलगडा त्याला झाला नाही, त्याचा इथेही होणार नाही.

भीमराजचं एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला. 'भूतबीत काही नसतं' ही शिकवण घरातच मिळालेली, आईकडून.

त्या आईच्या, छबूबाईंच्या, घशाला कॅन्सर झाला. नगरला ऑपरेशन करून स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला.

आणि आता आजार उलटला होता.

डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत.

वस्तीतल्या प्रत्येक लग्नात त्रिशरणाला सगळ्यांत खणखणीत आवाज छबूबाईंचा असायचा. बुद्ध, धम्म, संघाला शरण जायचं ते तीनदा म्हणतात. तिसऱ्यांदा म्हटल्याशिवाय पुरं होत नाही. आता तर लेकीचं, वृषालीचं लग्न तोंडावर आलेलं. आईनं पाटीवर लिहिलं, 'माझ्या तोंडानं म्हणू दे. मग मेले तरी चालेल.'

पारनेरकडच्या रतनबाईच्या नवऱ्याचंही असंच ऑपरेशन झालं होतं. तो वारला. त्याचं बोलायचं यंत्र भीमराजला ओळखीतून मिळालं. टॉर्चएवढी नळी. गळ्याला टेकवायची, बटण दाबायचं. ती घूं करते. ओठ हलवले की त्या घूंचे शब्द होतात. बॅटरी मेलेली होती आणि तसली कुठेच मिळत नव्हती.

देताना रतनबाई म्हणाली होती, "ब्याटरी न्हाई तेच बरं हाय, भाऊ."

भीमराजनं तिकडे लक्ष दिलं नाही.

मित्राच्या फुटक्या मोबाईलमधली लिथियमची बॅटरी त्यानं घेतली. चार्जिंगला नव्या कॉम्प्युटरच्या पाठीमागचं यूएसबीचं भोक. त्यात लावायला गावात कुणाकडे काहीच नव्हतं, पण तिथे पाच व्होल्ट मिळत. लिथियम जास्त भरली तर पेटते, म्हणून तिला आवरणारी एक चिप. आणि कॉम्प्युटर बंद असताना करंट उलटा त्याच्यात शिरू नये, म्हणून एक डायोड. डायोड म्हणजे एकाच बाजूनं उघडणारं दार.

"दादा, आईला आवाज आला ना, पहिली शिवी तुलाच," वृषाली म्हणाली.

"खाईन की. पोटभर खाईन."

जोडणी पुरी झाली. फक्त बॅटरी बसवायची होती. तेवढ्यात लाईट गेली.

पंखा थांबला. कॉम्प्युटर बंद पडला.

करंट मोजायचा मीटर वायरीत लावलेलाच होता. त्याचा काटा हलला...

शून्याच्या डावीकडे.

उलटा करंट. यंत्राकडून कॉम्प्युटरकडे. डायोड ओलांडून.

बॅटरी तर टेबलावर पडली होती.

मग यंत्र घुमलं... थांबलं. पुन्हा घुमलं... थांबलं. काटा शून्यावर आला.

भीमराजनं डायोड काढून तपासला. चांगला होता. त्यानं तो परत बसवला आणि बॅटरीही बसवली. विचार करत बसायला दिवस कुठे होते?

संध्याकाळी आईनं नळी गळ्याला लावली. ओठ हलले. "वृ... षे..." सपाट, पत्र्यासारखा आवाज. पण शब्द आईचा. वृषाली तिच्या गळ्यात पडून रडली.

आईनं ओठ मिटले. अंगठा बटणावरून काढला.

तरी यंत्र बोललं.

"र... त... ने..."

आणि पुन्हा एकदा, "र... त... ने..."

आईनं पाटी ओढली. लिहिलं, 'ही रतन कोण?'

दुसऱ्या दिवशी भीमराज पारनेरला गेला. रतनबाई गोठ्यात होती. त्याला पाहून तिनं शेणाचे हात धुतले.

"बोललं व्हय?"

"दोनदा."

"दोनदाच बोलतंय. हे गेले त्या दिवशी मी हितंच गोठ्यात हुते. आत ह्यांची ब्याटरी संपलेली. बटन दाबून दाबून मला बोलवत आसनार. मला कसं ऐकू यावं? आत गेले तवा अंगठा तसाच बटनावर हुता."

"मग?"

"तवापास्नं हाक येती. लोक म्हनले, तिसऱ्या हाकेबिगर ओ देऊ नको, दुसरंच कायतरी आसतंय. मी वाट बघितली." तिनं तोंडाला पदर लावला. "तिसरी येतच न्हाई, भाऊ."

भीमराज परतला. बॅटरी काढून खिशात टाकली, मग रोज ती जवळच बाळगली. यंत्र ट्रंकेत ठेवलं. "आई, सर्किट जळालं," तो म्हणाला.

आई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिची नजर ट्रंकेकडे गेली.

लग्नाच्या दिवशी मांडव भरलेला. बौद्धाचार्यांनी त्रिशरणाला सुरुवात केली...

आणि छबूबाई उठून उभ्या राहिल्या. पदराआडून नळी काढून त्यांनी गळ्याला लावली.

भीमराजचा हात खिशात गेला.

बॅटरी खिशातच होती.

"बुद्धं... सरणं... गच्छामि..."

मांडव गप्प झाला. धम्म, संघ, सगळं स्पष्ट. मग दुसऱ्यांदा, 'दुतियम्पि'पासून शेवटापर्यंत. बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

तिसऱ्यांदा आईचे ओठ हलले.

आवाज आला नाही.

ती बटण दाबत राहिली. अंगठा पांढरा पडला. ओठ हलत होते आणि डोळे भीमराजला शोधत होते. तो बॅटरी घेऊन धावला, यंत्रात बसवली. बॅटरी पूर्ण भरलेली होती.

तरी यंत्र मुकंच राहिलं.

शेवटी मांडवानं तिसरं त्रिशरण पुरं केलं. छबूबाईंचं राहिलं ते राहिलंच. महिन्याभरात त्या गेल्या.

यंत्र आता दुकानात आहे. बॅटरी काढलेली. त्याला फक्त मीटर जोडलेला. रतनबाईनं एकदा निरोप पाठवून विचारलं, "माझं नाव घेतंय का आजून?" भीमराजनं नाही म्हणून कळवलं. ते खरंच होतं.

दुपारी लाईट जाते. पंखा थांबतो. काटा डावीकडे झुकतो...

"भी... मा..."

या नावानं त्याला फक्त आई हाक मारायची.

"भी... मा..."

भीमराजचं तोंड उघडतं. ओ ओठांवर येते. भूतबीत काही नसतं, हे त्याला पाठ आहे. तरी तो थांबतो. तिसरीची वाट बघतो.

काटा शून्यावर येतो.