स्पॅममध्ये पडलेली हाक

"रक्त हवंय ना? माझं घ्या..."

रक्तपेढीच्या दारात एक तरुण धापा टाकत उभा होता. फोन कानाला लावूनच काउंटरवरच्या मुलीनं मान वर केली. सकाळपासून ती दुर्मीळ गटाच्या रक्तदात्यांना फोन लावत होती. निम्मे नंबर बंद, उरलेले कुणी उचलेना. मेल सगळ्यांना गेली होती, पण उत्तर एकाचंही नाही. आणि वरच्या मजल्यावर एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता.

"मेल बघून आलात?"

"स्पॅममध्ये पडली होती. मी ऑफिसांच्या मेलच दुरुस्त करतो... म्हणून तिथं डोकावायची सवय."

तिनं फोन खाली ठेवला. म्हणजे सगळ्यांच्याच मेल...

रक्त देऊन तो सरळ तिच्या कॉम्प्युटरपाशी आला. "मेलची कंपनी बदललीत का हल्ली?"

"गेल्याच आठवड्यात."

"तरीच! तुमच्या नावानं मेल कोण पाठवू शकतं, याची तुमच्या डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावर, नोंद असते. तिथं अजून जुनाच सर्व्हर आहे. नवा बिचारा तोतया ठरतोय."

तो सांगत गेला, ती टाइप करत गेली. मग तिनं स्वतःलाच एक मेल पाठवून पाहिली.

पुन्हा स्पॅम! तिचे डोळे भरून आले.

"रडू नका हो... रक्त देताना मला चक्कर आली नाही, ती आता येईल."

ती रडता रडता हसली. तो मात्र स्क्रीनवर वाकला होता.

"हे बघा, मेलवर न दिसणारी एक सही असते. ती तपासायची किल्ली, म्हणजे एक लांबलचक कोड, कंपनी बदलताना तुमच्याकडून अर्धीच पेस्ट झालीय."

तिनं किल्ली पूर्ण पेस्ट केली. बदल लागू होईपर्यंत दोघं श्वास रोखून बसले. पुन्हा मेल... इनबॉक्स! तिनं लगेच सगळ्यांना परत मेल टाकली. थोड्याच वेळात फोन खणखणू लागला. एक दाता निघाला, मग दुसरा. तोही तिच्यासोबत फोन घ्यायला थांबला.

संध्याकाळी बाळंतिणीची आई जिन्यावरूनच ओरडत आली, "थांबलं गं पोरी, रक्त थांबलं!"

ती आनंदानं उठून उभी राहिली. आपण त्याचा हात घट्ट धरलाय, हे तिला तेव्हा कळलं. तिनं तो सोडला नाही.

"उद्या येऊ?" त्यानं हळूच विचारलं.

"आता तीन महिने रक्त देता येत नाही."

"रक्त द्यायला कोण येतंय?"

ती लाजली. "मग... ये. सहाला सुटते मी."